सेकंडहँड एसयूव्ही, काळी माती आणि अडीच किलोमीटर

गेले चार वीकेंड मी एकच उद्योग केलाय. लोकांच्या गाड्यांखाली झोपणे. हातात टॉर्च, पाठीखाली जुनी सतरंजी आणि शेजारी उभा असलेला गाडीमालक, 'साहेब, काय बघताय एवढं? गाडी एकदम मख्खन आहे' म्हणणारा. बायकोचं मत असं की एवढ्या मन लावून कोड रिव्ह्यू केले असते तर एव्हाना मॅनेजर झालो असतो. असो.

हपिसात कळल्यापासून रोज दोघं-तिघं विचारतात की ऑफरोडिंगसाठी सेकंडहँड मोठी एसयूव्ही घ्यायची तर कोणती घ्यावी. त्यातल्या निम्म्यांना लडाखला जायचंय आणि उरलेल्यांना लडाखला जाऊ शकणारी गाडी पार्किंगमध्ये हवीय. दोन्ही इच्छा रास्तच आहेत. माझं कारण जरा वेगळं आहे, म्हणून माझं उत्तरही वेगळं आलं. ते कदाचित तुमच्याही कामाचं असेल.

माझं गाव अनसिंग. वाशिमहून पुसदच्या रस्त्याला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर. आई-बाबा गावात राहत नाहीत, शेतातल्या घरात राहतात. डांबरी रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत, मधे पाणंद. मागच्या सप्टेंबरात सोयाबीन काढणीच्या तोंडावर चार दिवस पाऊस लागून राहिला होता आणि त्यातल्याच एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गादी टाकली, वर ताडपत्री धरली. अडीच किलोमीटरला पाऊण तास. फाट्यावर चुलतभाऊ त्याची छोटी हॅचबॅक घेऊन उभा होता. पावणेसहा फूट माणूस तिच्या मागच्या सीटवर आडवा होत नाही, म्हणून बसवूनच वाशिमला नेलं. तिथून पुढे अकोला. मी हे सगळं हिंजवडीत बसून फोनवर ऐकत होतो, चार्जर लावून.

बाबा आता ठणठणीत आहेत. स्टेंट पडलाय, तंबाखू सुटलीय (असं ते म्हणतात). पण त्या रात्रीच मी ठरवलं की एक फोर बाय फोर घ्यायची, थेट घराच्या ओट्यापर्यंत जाणारी. घराच्या कर्जाचा बोजा कमी करायला बाजूला टाकलेले नऊ लाख होते. ते काढले.

इथे माझी पहिली चूक झाली, आणि ती गाडीच्या निवडीत नव्हती, मातीच्या समजुतीत होती.

आपण जे व्हिडिओ बघतो त्यात गाड्या वाळूत जातात, दगडांवर चढतात, नदीत उतरतात. वऱ्हाडातली काळी माती त्यात कुठेच नसते. ही माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच शेतात चप्पल रुतून राहते. या चिखलाचा स्वभाव वाईट असा की तो टायरच्या खाचांमध्ये बसतो आणि बाहेर फेकला जात नाही. चाकाच्या चार फेऱ्या झाल्या की तुमचा महागडा ऑफरोड टायर काळ्या गुळगुळीत लाडवासारखा होतो. मग तो चिखल चाक आणि मडगार्डच्या मधल्या जागेत भरत जातो आणि एका क्षणी चाक फिरायचंच थांबतं. इंजिनात कितीही घोडे असोत.

दुसरी भानगड चाकोरीची. शाळेत 'चाकोरीबद्ध जीवन' असं निबंधात लिहून मार्क मिळवले होते. खरी चाकोरी काय असते ते पाणंदीत कळलं. ट्रॅक्टरची मागची चाकं उंच, ती खोल जातात आणि मधे उंचवटा सोडतात. तुमची गाडी त्या चाकोरीत उतरली की पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं आणि चारही चाकं हवेत नाही तरी अर्धवट लटकलेली. ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर की २२५, यावर लोक तावातावाने भांडतात. ट्रॅक्टरची चाकोरी त्या दोघांनाही हसते.

मी हे शहाणपण वाचून मिळवलं असं वाटू देत नाही. ऑक्टोबरात एका मित्राची फोर बाय फोर मागून घेतली (कुठली ते राहू दे, गाडीचा दोष नव्हता) आणि परतीच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी पाणंदीत घातली. सहाशे मीटर गेलो. पुढच्या साडेतीनशे मीटरला दोन तास आणि एक ट्रॅक्टर लागला. काकांनी साखळी लावता लावता एवढंच म्हटलं, "गाडी तं चांगली हाय रे तुही. पन जड हाय. हे माती जड मान्साले सोडत नाई."

आता यात काकांनी जे एका वाक्यात सांगितलं ते फिजिक्समध्ये असं आहे. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो. मोठ्या एसयूव्हीचं वजन दोन टनांच्या आसपास, ती पेलायला हवा तीस-पस्तीस पीएसआय. हवा अठरा-वीसवर आणली तर टायर पसरतो, जमिनीला जास्त धरतो. फरक खरंच पडतो, पण दोन टन ते दोन टनच. आणि फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं सारखा जोर लावतात, हाही गैरसमज. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत बसतं. पुढचं एक आणि मागचं एक घसरायला लागलं की तुमची फोर बाय फोर जागच्या जागी संगीत वाजवते. वजनाच्या बाबतीत जुनी जिप्सी राजा होती, जेमतेम एक टनाची. पण तिच्यात आजारी माणसाला आडवं करून वाशिमला नेणं म्हणजे एक दुखणं घालवायला दुसरं लावून घेणं.

तर मुद्दा हा. पावसाळ्यातले ते चिखलाचे दिवस कुठलीही मोठी एसयूव्ही जिंकणार नाही. ते ट्रॅक्टरचे दिवस आहेत. एकदा हे मान्य केलं की निवडीचा प्रश्नच बदलतो. 'ही गाडी कुठवर जाईल?' हे विचारायचं सोडून 'ही कुठे थांबेल, आणि थांबल्यावर मला तिच्याकडून काय हवंय?' असं विचारायचं. मला वाटतं लडाखवाल्यांनीही हाच प्रश्न विचारावा, फक्त त्यांची थांबायची जागा वेगळी.

माझी गाडी पावसाळ्यात फाट्यावर थांबणार. मग तिच्याकडून मला हवंय ते असं: मागच्या सीट पाडल्या की माणूस पूर्ण आडवा झाला पाहिजे. पुण्याहून पाचेकशे किलोमीटर एका दमात झाले पाहिजेत. कोरड्या आठ महिन्यांत पाणंदीतून, बरडावरून, नाल्याच्या दगडगोट्यातून कुरकुर न करता घरापर्यंत गेली पाहिजे, म्हणजे लो रेंजसकट खरी फोर बाय फोर हवी. पुसदच्या बाजूला जमीन डोंगराळ होत जाते, मुरमाड चढ येतात. तिथे थोडा पाऊस झाला तरी फोर बाय फोरला अर्थ असतो, कारण मुरूम पाणी धरून बसत नाही. आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: बिघडली तर वाशिमच्या गॅरेजात उघडता आली पाहिजे.

या शेवटच्या अटीने यादी भराभर छोटी झाली.

फोर्ड एंडेव्हरवर माझा जीव होता. २०१६ ची पिढी तर कागदावर स्वप्न आहे, ८०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता वगैरे. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. सुटे भाग मिळतात हो, पण एखादं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं तर ते येईपर्यंत मी पुण्यात आणि बाबा फाट्यावर. नको. स्कॉर्पिओ गावोगाव आहे, सगळ्यांना उघडता येते, पण बाजारात येणाऱ्या जुन्या स्कॉर्पिओ बहुतेक फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या. फोर बाय फोरवाली सापडली तर पळत जाऊन घ्या. मला सापडली नाही. स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोर माझ्या नऊ लाखांकडे बघतही नव्हत्या.

नावावर जाऊ नका, ही सूचना खास सफारीसाठी. १९९८ ते २०१९ पर्यंतची सफारी म्हणजे शिडीच्या चॅसीवरची गाडी, तिच्यात फोर बाय फोर मिळायची. २०२१ साली त्याच नावाने आली ती पूर्ण वेगळी, मोनोकॉक बांधणीची आणि पुढच्या चाकांवर चालणारी. हायवेला छान असेल. पण 'सफारी आहे, जाईल कुठेही' म्हणून विकणारे मला दोघं भेटले.

उरल्या दोन. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर, म्हणजे २००९ ते २०१६ मधली ३ लिटरवाली, आणि सफारी स्टॉर्म फोर बाय फोर, २०१२ ते २०१९ मधली.

त्या फॉर्च्युनरच्या फोर बाय फोरची गंमत अशी की ती सदैव चारही चाकांवर चालते, मधला डिफरन्शियल हवा तेव्हा लॉक करता येतो. त्यामुळे ओल्या डांबरावरही निर्धास्त. स्टॉर्मची व्यवस्था हंगामी. नॉबने टू व्हील, फोर हाय, फोर लो. ही हंगामी फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावायची नसते. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे सोडवणारा डिफरन्शियल नसतो, ताण गिअरमध्ये साठतो. हे माहीत नसलेला आधीचा मालक म्हणजे ट्रान्सफर केसचा काळच. म्हणून मी प्रत्येक मालकाला साळसूदपणे विचारायचो, "फोर बाय फोर कधी लावता?" एकाने अभिमानाने सांगितलं, "एक्सप्रेसवेला कायम लावून ठेवतो, ग्रिप चांगली मिळते." त्याला नमस्कार करून निघालो.

उलटा प्रकारही तितकाच वाईट. सात-आठ वर्षांत एकदाही न लावलेली. 'बिलकुल वापरली नाही साहेब, नवीकोरी' म्हणजे बहुधा अडकलेली. कोडमध्ये एखादी शाखा कधी चाललीच नसेल तर आपण 'बग नाही' म्हणत नाही, 'टेस्ट झालेली नाही' म्हणतो. तसंच. मोकळ्या मातीवर नेऊन फोर लो लावायला सांगा, पुढे-मागे दहा-वीस मीटर चालवा, दिवा नुसता लुकलुकतोय की स्थिर होतोय ते बघा, खडखड ऐका. मालक 'इथे माती कुठे' म्हणाला तर तुम्हीच माती शोधा. पुण्यात अर्धवट बांधकामांची काय कमी आहे :-)

मग खाली झोपायचं. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल थोडं काढून बघायचं. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट फाटलेत का, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस सैल आहेत का. चॅसीवर नंतर केलेलं वेल्डिंग आणि त्यावर मारलेला ताजा काळा रंग. चकचकीत काळी चॅसी दिसली की मी आता घाबरतो. जुन्या गाडीची चॅसी जुनीच दिसली पाहिजे.

एक गाडी मी जवळजवळ घेतलीच होती. दिल्लीची. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आधी २०१५ साली हरित लवादाने आणि मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. पुढे त्यात फेरबदल होत गेले, पण तिकडच्या स्वस्त डिझेल एसयूव्ही आपल्याकडे यायला लागल्या त्या लागल्याच. ही सव्वा लाखाने स्वस्त, आतून अत्तराचा वास. अत्तर कशाला, असं वाटून मी ड्रायव्हरचा पट्टा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. सीट पुढे सरकवली तर खालच्या रुळांत बारीक गाळ. गाडी पुरात उभी राहिलेली. विकणारा भाऊ म्हणाला, "पावसाळ्यात पाय ओले असतात ना साहेब." पट्ट्याच्या रिळापर्यंत पाय? स्वस्त परराज्यातल्या गाडीचं गणितही नीट मांडा. तिकडची एनओसी, इकडे नव्याने नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स. सव्वा लाखातले बरेचसे तिथेच जातात.

वयाचाही हिशेब हवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१२ ची गाडी आज घेतलीत तर २०२७ ला तपासणी आणि नूतनीकरण दारात, आणि त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली आहे. पण जुन्या डिझेलचा एक फायदा मात्र मी उघडपणे सांगतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेलमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करायला सलग हायवेचं धावणं मागतो. घर ते शेत ते गाव अशा चार-पाच किलोमीटरच्या चकरांत तो तुंबतो. बीएस ४ गाडीला ही कटकट सहसा नाही. हवेसाठी हे चांगलं नाही, मान्य आहे, आणि मला त्याची थोडी टोचणीही आहे.

टायरवर माझं चुलतभावाशी भांडण झालं. त्याला मड टेरेन हवे होते, दिसायला काय भारी! पण अनसिंगला जायचं म्हणजे संभाजीनगरपासून मालेगावपर्यंत समृद्धी. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून आमचा प्रवास सोपा झाला हे खरं, पण तासनतास सिमेंटवर १०० च्या पुढे हा टायरचा सगळ्यात मोठा इम्तिहान आहे. मड टेरेन तिथे तापतात, घोंघावतात, ब्रेकला उशीर करतात. आणि काळ्या मातीत ते भरतातच, वर सांगितलं तसं. मी ऑल टेरेन घेतले. सेकंडहँड गाडीचे टायर कितीही जाड दिसोत, बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. असे टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नका, आणि चिखलासाठी हवा कमी केली असेल तर परत भरल्याशिवाय तर मुळीच नाही. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर डिकीत असू द्या.

फॉर्च्युनर की स्टॉर्म, यावर दोन आठवडे घातले. गाडी म्हणून फॉर्च्युनर सरस, मला शंका नाही. पण नऊ लाखांत मिळत होत्या त्या दमलेल्या होत्या, अडीच लाख किलोमीटरच्या पुढच्या, आणि टायर-सस्पेन्शनला हातात काही उरत नव्हतं. स्टॉर्मचं अंतर्गत काम कुरकुरतं, नॉब हातात येतात की काय अशी धाकधूक असते. पण लष्कराने २०१७ साली ३,१९२ स्टॉर्म मागवल्या होत्या ही गोष्ट माझ्यासारख्याला उगाचच धीर देते. शेवटी वाशिमच्या गॅरेजवाल्या दाजींना फोन केला. त्यांनी एका दमात निकाल दिला, "स्टॉर्म आना. रात्री दोन वाजता बी खोलीन मी." मला दुसऱ्या गाडीबद्दल असं वाक्य कुणी दिलं नाही.

२०१६ ची घेतली. पावणेसात लाख. उरलेल्यातून टायर, सगळी तेलं, बुश, बॅटरी, ओढायचा चांगला पट्टा. साठ हजार शिल्लक राहिले, ते पाणंदीच्या सगळ्यात वाईट तीनशे मीटरवर मुरूम टाकायला काकांकडे दिले. हा गाडीवरचाच खर्च आहे असं मी धरतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्या सुधारणांमध्ये याचाच उपयोग जास्त होणार आहे.

मागच्या शनिवारी गाडी पहिल्यांदा अनसिंगला नेली. आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे शहाण्यासारखी फाट्यावर उभी केली. बाबा ट्रॅक्टरवर बसून बघायला आले. चारी बाजूंनी फिरले, टायरवर लाथ मारली, मागचं दार उघडायला लावलं. सीट पाडून दाखवल्या तर चपला काढून आत चढले आणि सरळ आडवे झाले. मिनिटभर छताकडे बघत राहिले. मग उठून खाली उतरले आणि विचारलं,

"स्टेपनी कुठं हाय?"

स्टॉर्मची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असते. जुन्या सफारीला मागच्या दारावर होती. मी खाली बोट दाखवलं.

बाबांनी एकदा स्टेपनीकडे पाहिलं, एकदा त्या काळ्या चिखलाकडे.

"म्हंजे पंक्चर झाली तं हिच्याखाली कोन झोपीन?"

आता तिच्यासाठी मागच्या दारावर ब्रॅकेट बसवता येईल का, आणि आरटीओला ते चालेल का, हे शोधतोय. पुढचा वीकेंड त्यातच जाणार.